किल्लीवाल्याची मोलीबाई

आमच्या इमारतीखालच्या गाळ्यातला किल्लीवाला कुठलंही कुलूप उघडून देतो, स्वतःच्या डोक्याचं सोडून. हे मी त्याच्या तोंडावर म्हणते, त्यामुळे चहाडी होत नाही. तो हसतो. त्याला वाटतं, मी थट्टा करते.

गाळा एकच, शटर एकच, पण आत धंदे दोन. डाव्या हाताला त्याचं टेबल. त्यावर कानशी, चिमटे, तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि एक मोडकं कुलूप, ज्याला तो मी इथे राहायला आल्यापासून 'आज बघतो' म्हणतोय. उजव्या हाताला त्याची बायको शिवणाला बसते. पडदे, शाळेचे गणवेश, लांब पँटी आखूड करणं, तुटलेल्या चेना बदलणं. दिवसभर तिचं मशीन चालू असतं आणि दिवसभर त्याचं तोंड. गाळ्यापुढे पार फुटपाथपर्यंत हिरव्या फायबरचा पत्रा टाकलेला आहे. ऊन चढलं की त्याखाली बसलेली माणसं शेवाळ धरल्यासारखी दिसतात. मी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला येते तेव्हा मला पत्रा दिसतो, माणसं दिसत नाहीत, पण ऐकू सगळं येतं. आणि ऐकू आलेलं वाया घालवायचा माझा स्वभाव नाही.

किल्लीवाल्याचा रोग असा, की त्याने आयुष्यभर दुसऱ्यांची कपाटं उघडली. किल्ली हरवली, खटका अडकला, की लोक याला बोलावणार. हा तार घालून, कान लावून, जीभ बाहेर काढून कपाट उघडणार. आत काय आहे ते मालकाच्या आधी याला दिसणार. असं करता करता त्याच्या डोक्यात पक्कं बसलं, की जगातलं सगळं वैभव कुठल्यातरी अडकलेल्या खटक्यामागे आहे आणि तो खटका फक्त आपल्याला सापडायचा राहिलाय.

मागे त्याने मशरूमचा खटका शोधला होता. न्हाणीघरात पोती टांगली, अंधार केला, कुणाला दिवा लावू देईना. त्याची बायको बरेच दिवस आमच्याकडे अंघोळीला यायची. मशरूम आले नाहीत, बुरशी मात्र आली आणि ती अजून आहे. तसं पाहिलं तर माणूस फार लांब चुकला नव्हता.

तर हा असा माणूस एका साहेबांचं लोखंडी कपाट उघडायला गेला. साहेब खाणीत मोठ्या हुद्द्यावर होते, आता निवृत्त. मुलाकडे कायमचे राहायला चालले होते, सामान बांधायचं होतं आणि कपाटाची किल्ली सापडत नव्हती. कपाट उघडलं. आत दागिने नाहीत, पैसे नाहीत, नुसते दगड, कापसात गुंडाळून ठेवलेले. दुसरा कुणी असता तर मजुरी घेऊन परतला असता. हा बसला. साहेबांनाही ऐकणारं माणूस कित्येक वर्षांनी मिळालं असावं. दोघांची दुपार दगडांत गेली.

परत आला तो वेगळाच होऊन. पत्र्याखाली उभा राहून म्हणाला, "मॉलिब्डेनाइट."

शब्द त्याने इतका जपून उच्चारला, जणू टाचण्या तोंडात धरल्यात.

"मोली कोण?" बायकोने मशीन न थांबवता विचारलं.

"मोली नाही गं. मॉलिब्डेनाइट. धातूचं खनिज आहे. पोलादात घालतात. फार दुर्मीळ."

"मिळत नाही ना? मग सोडा."

"मिळत नाही म्हणूनच शोधायचं."

मी तोवर जिना उतरून खाली आले होते. असल्या वेळी माझ्या गुडघ्यांना अजिबात कळ येत नाही. "भावजी," मी म्हटलं, "कुठे राहते ही मोलीबाई?"

झालं. त्या दिवसापासून तिचं नाव मोलीबाई पडलं आणि आख्ख्या गल्लीत त्याच्या बायकोची सवत म्हणून ती प्रसिद्ध झाली. त्याने मात्र माझा प्रश्न मनावर घेतला. स्टूल पुढे ओढलं आणि सुरू झाला.

"वहिनी, कठीण करडा खडक असतो ना, डोंगरात, त्यात पांढऱ्या गारगोटीच्या शिरा असतात. ती शीर धरायची. शिरेच्या कडेला चिकटून ही बसलेली असते. पापुद्रे-पापुद्रे, शिशासारखे चकचकीत, थोडी निळसर झाक."

"आणि ओळखायची कशी?"

"नखाने खरवडली तरी पापुद्रा सुटतो, इतकी मऊ. बोटाला तेलकट लागते. पापुद्रा वाकवला की वाकलेला राहतो. अभ्रकाचा असेल तर सरळ होतो परत. आणि कागदावर ओढली की रेघ उमटते."

"पेन्सिलच झाली की मग."

"इथेच तर साहेबांनी मला पकडलं," तो खूश होऊन म्हणाला. "पेन्सिलीतलं ग्रॅफाइट अगदी असंच दिसतं. जुन्या काळी भले भले लोक शिसं, ग्रॅफाइट आणि ही, तिन्ही एकच समजायचे. फरक कळतो तो गुळगुळीत पांढऱ्या फरशीवर. घासायचं. ग्रॅफाइटची रेघ करडी-काळी येते. हिची येते हिरवट."

"एवढंच?"

"वजनात पण फरक असतो म्हणाले. तेवढाच तुकडा दुपटीहून जड. आणि प्रयोगशाळेत एकदा दाखवून घ्या, असंही म्हणाले. पण प्रयोगशाळेत दिलं की बातमी फुटते."

बातमी फुटू नये म्हणून त्याने ती आधी मला सांगितली. यावरून माणसाची समज किती ते दिसतं.

पुढे सुट्टीचा दिवस आला की हातोडा आणि पिशवी घेऊन स्वारी डोंगराकडे. लोक किल्ली आत विसरून आपापल्या दाराबाहेर पिशव्या घेऊन उभे, आत गॅसवर दूध, आणि किल्लीवाला गारगोटीची शीर धरून बसलेला. घरात दगड वाढायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्या म्हणजे आधीच एकाने कूस बदलली तर दुसऱ्याने उठून बसायचं अशा. पलंगाखाली दगड, फ्रिजवर दगड, मशीनच्या खणात रिळांच्या जागी दगड. गणवेशाच्या पांढऱ्या शर्टावर एकदा करडा अंगठा उमटला. तिने तो शर्ट मुकाट्याने धुतला, वाळवला, इस्त्री केला आणि मग शांतपणे म्हणाली, "तुमची बाई माझ्या खणात झोपते ते चालेल. गिऱ्हाइकाच्या कॉलरला हात लावायचा नाही."

"अगं, एकदा मिळू दे. मग तुला शिवावं लागणार नाही."

"मला शिवणं टाळायचंय असं कधी म्हणाले मी?"

त्याला ते ऐकूच आलं नाही. त्याला कुलपाच्या आतला खटका ऐकू येतो, शेजारी बसलेली बायको नाही.

आणि मग मोलीबाई सापडली. कुठे? फरशीवाल्याच्या उतारावर.

हा फरशीवाला म्हणजे शेजारच्याच दुकानातला. बाथरूमच्या फरशा, सिंक, नळ विकतो. गोड माणूस. इतका गोड की हात मिळवला तर नंतर धुवावा लागतो. पाण्याच्या टाकीमागे डोंगराचा एक उतार त्याच्या नावावर आहे. वडिलांनी कधीतरी घेऊन ठेवलेला. तिथे गवत नीट उगवत नाही आणि घर बांधायला रस्ता नाही. कितीतरी वर्षं तो उतार कुणाच्या तरी गळ्यात मारायला बघतोय. आणि तितकीच वर्षं त्याची नजर किल्लीवाल्याच्या गाळ्यावर आहे, कारण मधली भिंत पाडली की त्याचं दुकान थेट कोपऱ्यापर्यंत येतं. किल्लीवाल्याला रेघा ओढायला पांढऱ्या फरशीचा तुकडा यानेच दिला, फुकट. फरशीवाल्याने फुकट काही दिलं तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. मी झाले होते.

किल्लीवाल्याने दगड आणला, पत्र्याखालच्या स्टुलावर बसला, फरशीवर घासला आणि तिथूनच हाक मारली, "वहिनी, जरा खाली या. लवकर."

मी उतरले. फरशीवर रेघ होती, आणि खरं सांगते, हिरवट दिसत होती.

"दिसतंय ना हिरवं?"

"दिसतंय," मी म्हटलं. "तुमचं टक्कलही हिरवं दिसतंय. तेही पोलादात घालतात का?"

तो हसला. त्याला वाटलं, मी थट्टा करते. आता याहून उघड कसं सांगणार?

त्याने बायकोला आणि मला तो उतार दाखवायलाही नेलं. टाकीमागून चढायचं, काट्याकुट्यातून. तिथे कडा कापलेला होता आणि करड्या खडकात पांढरी शीर होती हे खरं. त्या शिरेला काळे चकचकीत पापुद्रे चिकटले होते हेही खरं. त्याने नखाने एक सोडवला, बायकोच्या तळहातावर ठेवला.

"बघ किती जड आहे."

तिने हात वरखाली केला. "पापुद्रा आहे हो. पापुद्र्याएवढाच जड आहे."

"तुला सवय नाही."

"रोज गणवेशांचं गाठोडं तिसऱ्या मजल्यावरून खाली मी आणते. वजनाची सवय नाही कशी?"

"ते वजन वेगळं." मग तो कड्याकडे हात करून म्हणाला, "इथे खाण. तिकडे ऑफिस. आणि वर, जिथे वारा येतो ना, तिथे तुला बंगला. त्यात शिवणाची ही एवढी खोली."

"इथवर चढून गिऱ्हाइक पँट आखूड करायला येणार?"

"गिऱ्हाइकाची गरज काय मग?"

ती खाली बघत राहिली. तिथून आमचा रस्ता दिसतो, कोपरा दिसतो आणि पत्र्याचा तो हिरवा चौकोनही. मी तिचा चेहरा पाहिला आणि त्या दिवशी उतरताना एकही विनोद केला नाही. माझ्या बाबतीत हे आजारपणात मोडतं.

त्यानंतरच्याच आठवड्यात फरशीवाला चहा घ्यायला म्हणून गाळ्यात आला आणि बसला.

"काय शेठ," तो किल्लीवाल्याला म्हणाला. किल्लीवाल्याला शेठ म्हणणारा तो पहिलाच. "आमच्या उतारावर तुमचा मुक्काम वाढलाय असं ऐकतो."

"सहज. फिरायला."

"फिरा की. आपलंच आहे. मला काही त्या दगडातलं कळत नाही बुवा. लोक म्हणतात काहीतरी मौल्यवान आहे. मी काही म्हणत नाही."

"मी पण काही म्हणत नाही," किल्लीवाला म्हणाला, आणि लगेच खिशातून दगड काढून दाखवला.

फरशीवाल्याने डोळे मोठे केले. असे डोळे मोठे करायला त्याला नळाच्या गिऱ्हाइकांनी शिकवलं असावं. "अरे वा. हिरवी रेघ येते म्हणता? मी काही म्हणत नाही, पण माझ्या जागी दुसरा असता तर उतार विकलाच नसता. मी काय, साधा माणूस. मला डोंगर काय करायचा? मला बसायला कोपरा बरा."

सौदा असा ठरला: उतार किल्लीवाल्याला, गाळा फरशीवाल्याला. अदलाबदल, वर काही नाही. किल्लीवाल्याला वाटलं आपण फरशीवाल्याला लुबाडलं. दोन दिवस त्याला झोप लागली नाही, बिचाऱ्याचं नुकसान केलं म्हणून.

आता गाळा दोघांच्या नावावर. तो घेतला तेव्हा निम्म्याहून जास्त भार तिच्या मशीनने उचललेला. तिची सही झाल्याशिवाय पान हलणार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. गाळा गेला की मशीन तिसऱ्या मजल्यावर जाणार, आणि तिसऱ्या मजल्यावर मशीन ठेवायला जागा तेव्हाच होणार जेव्हा पलंग विकला जाईल. पँट आखूड करायला कुणी तीन जिने चढत नाही. म्हणजे शिवण संपलं. सरळ हिशोब होता, आणि तो मांडायला मशीनशिवाय तिच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. मी होते, पण माझं बोलणं सगळे थट्टेत घेतात. जन्मभर कमावलेली ही अब्रू नेमकी हवी तेव्हा आडवी आली.

"नाही म्हण," मी तिला जिन्यात गाठून सांगितलं.

"म्हणेन हो ताई. पण नुसतं नाही म्हटलं तर मरेपर्यंत ऐकवतील. 'तू सही केली असतीस तर आज आपण कुठे असतो.' रोज. जेवताना."

हे मला पटलं. मशरूमच्या वेळी तिने एकदा दिवा लावला होता, तर अजून तो म्हणतो की त्या दिव्यामुळेच पीक गेलं.

सहीचा दिवस आला. सकाळची वेळ, ऊन चांगलं तापलेलं. फरशीवाला कागद टाइप करून घेऊन आला, स्वतःचं पेन आणलं, शर्ट इस्त्रीचा. किल्लीवाल्याने टेबल पुसलं, म्हणजे आधीच्या काजळीवर नवीन काजळी पसरवली. दगड आणि फरशीचा तुकडा मधोमध मांडला होता, जणू तेच साक्षीदार. मीही होते. कुणी बोलावलं नव्हतं, पण मी भाजी आणायला निघाले होते आणि भाजी कुठे पळून जात नाही.

ती पडद्याचं काम करत होती. कुठल्याशा दवाखान्याचे पडदे, धड निळे नाहीत, धड राखाडी नाहीत, असला रंग.

"शेठ, आधी तुमची सही," फरशीवाला म्हणाला. "मग वहिनींची."

ती उठली. हातात दोऱ्याची दोन रिळं आणि पडद्याचं एक टोक घेतलं आणि फुटपाथ ओलांडून सरळ रस्त्यावर गेली. पत्र्याच्या बाहेर, उन्हात.

"कुठे निघाली ही?" किल्लीवाला म्हणाला.

ती रिळं कापडाला लावून बघत होती. एक खिशात टाकलं, दुसरं हातात ठेवलं, परत आत आली. "दोरा जुळवायला गेले होते. पत्र्याखाली सगळेच रंग खोटे दिसतात. गिऱ्हाइकालाही मी बाहेर नेऊनच दाखवते, नाहीतर घरी जाऊन बोंबलतात."

हे बोलून ती मशीनवर बसणार होती. बसली नाही. टेबलाकडे बघत उभी राहिली. हे ती मुद्दाम बोलली की बोलता बोलता तिलाच सुचलं, मी आजवर विचारलेलं नाही. काही गोष्टी मीही विचारत नाही.

"आणा बरं ती फरशी," ती म्हणाली.

किल्लीवाल्याने फरशीवर हात ठेवला. "कशाला? उन्हात डोळे दिपतात. साहेबांनी सावलीत बघायला सांगितलंय."

"साहेबांनी असं सांगितलं?"

"म्हणजे, विचारलं असतं तर सांगितलं असतं."

तिने त्याचा हात बाजूला केला, लहान मुलाचा करावा तसा, आणि फरशी आणि दगड उचलून रस्त्यावर नेले. मागोमाग तो, त्याच्यामागे फरशीवाला, त्यांच्यामागे मी भाजीची पिशवी घेऊन. समोरच्या दुकानातले दोघे-तिघे उगाचच बाहेर आले. आमच्याकडे माणसं अशी उगाच बाहेर येण्यात तरबेज आहेत.

रेघ करडी होती. हिरव्याचा मागमूस नव्हता. शाळेतल्या पाटीवर बोट फिरवावं तशी करडी.

"जुनी रेघ आहे ती," फरशीवाला म्हणाला. "जुनी झाली की काळवंडत असेल. मी काही म्हणत नाही."

"मग नवी काढा," ती म्हणाली.

किल्लीवाल्याने नवी काढली. जोर लावून काढली. ती पहिलीपेक्षा करडी आली. त्याने फरशी तिरकी केली, उलटी केली, उन्हाकडे पाठ करून स्वतःच्या सावलीत धरली. फरशीवाला म्हणाला, "ढग आलाय बहुतेक." सगळ्यांनी वर पाहिलं. वर इतकं स्वच्छ होतं की पाहणाऱ्यालाच लाज वाटावी.

मला राहवलं नाही. "भावजी," मी म्हटलं, "कुलूप अडकलं की त्यात तुम्ही पूड सोडता ना, पेन्सिलीच्या शिशाची, ती याच रंगाची असते का हो?"

त्याने स्वतःची बोटं पाहिली. ती बोटं लग्नाच्या फोटोतही करडी आहेत. ज्याची पूड रोज कुलपात फुंकत, नखांत भरून घरी नेत माणूस म्हातारा होत आला, तेच ग्रॅफाइट डोंगरावर गारगोटीला चिकटलेलं दिसलं, तर त्याची सख्खी ओळख विसरून त्याला तिऱ्हाइताचं नाव देऊन बसला. नवऱ्याला बायको ओळखू येईना असं झालं.

इथे शहाण्या माणसाने हसून विषय सोडला असता. पण हा आमचा किल्लीवाला. मान ताठ करून म्हणाला, "रेघेचं काय घेऊन बसलात? एका रेघेवर खाण ठरते का? मी शब्द दिलाय. शब्द म्हणजे शब्द." आणि परत पत्र्याखाली जाऊन पेन उचललं. फरशीवाल्याने कागद त्याच्यापुढे इतक्या मऊ हाताने सरकवला, जणू झोपलेल्या बाळाला पांघरूण घालतोय.

मला वाटलं, गेला गाळा. ती ओरडेल, हा आणखी चेकाळेल आणि कागदाचं काहीतरी भलतंच होऊन बसेल.

ती ओरडली नाही. फरशी घेऊन टेबलाशी आली. म्हणाली, "करा सही. मीही करते. माझी हरकत नाही. फक्त तुम्ही एकदा बाहेर या, उन्हात, ही रेघ बघा आणि सगळ्यांसमोर म्हणा, ही हिरवी आहे. एवढं म्हणालात की मी खाली सही केली."

"हे काय पोरकट."

"असेल पोरकट. इतके महिने तुम्ही म्हणताच आहात. आणखी एकदा म्हणा."

"वहिनी, कशाला उगाच," फरशीवाला म्हणाला.

"तुम्ही काही म्हणत नाही ना? मग नका म्हणू."

तो बाहेर आला. पेन हातातच होतं. तिने फरशी त्याच्यापुढे धरली. एरवी त्याला एक शब्द बोल म्हटलं तर तो तासभर बोलतो. न्हाणीघरात कोंडून घेतलं तरी आतून बोलतो. आता तोंड उघडलं आणि नुसतंच उघडं राहिलं. एकदा फरशीवाल्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मला खात्री आहे, माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्याला वाटत होतं मी एखादा विनोद करावा, म्हणजे त्या हशात निसटता आलं असतं. मी पिशवीचा बंद सारखा करत उभी राहिले.

बायकोकडे मात्र त्याने पाहिलं नाही. रेघेकडे बघत म्हणाला, "करडी आहे."

इतक्या हळू म्हणाला की समोरच्या दुकानातल्याने शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हणाला?"

"करडी म्हणाला," शेजाऱ्याने सांगितलं.

तिने फरशी खाली ठेवली आणि मशीनवर जाऊन बसली. फरशीवाल्याने कागदाची घडी केली, खिशात घातली, पेन मात्र किल्लीवाल्याच्या हातातून काढून घ्यायला विसरला नाही. "मी तर पहिल्यापासून काही म्हणतच नव्हतो," असं म्हणत आपल्या नळांमध्ये जाऊन बसला. आणि मी तुम्हाला सांगते, किल्लीवाल्याच्या आयुष्यातला मी ऐकलेला तो एकमेव खरा शब्द, आणि तोही बायकोने उन्हात उभं करून वसूल केलेला.

इथे गोष्ट संपली असती तर मला त्याच्याबद्दल थोडा आदर वाटायला लागला असता. तशी वेळ त्याने येऊ दिली नाही.

चार-सहा दिवस त्याने नुसत्या किल्ल्या घासल्या. मग एक गिऱ्हाइक आलं, त्याला सांगताना मी वरून ऐकलं. "फरशीवाला मला फसवायला निघाला होता. डोंगर गळ्यात मारणार होता. पण मी काय केलं, सही करायच्या आधी म्हटलं, थांबा, दगड उन्हात तपासू. पत्र्याखाली रंग खोटे दिसतात. हे सगळ्यांना कळत नाही. त्याला पारखी नजर लागते." गिऱ्हाइकाने मान डोलावली. पुढच्याला त्याने तेच सांगितलं, त्यात साहेबही घातले. त्याच्या पुढच्याला सांगताना साहेबच याचा सल्ला घेत होते. बायको बसली होती शेजारी, पायाने मशीन हाणत, दातात दोरा धरून.

मी तिला विचारलं, "हे तू ऐकून घेतेस?"

"ऐकते की."

"तुझी अक्कल तुझ्यासमोर स्वतःच्या नावावर खपवतात."

तिने दोरा तोडला. "ताई, गाळा राहिला. मशीन राहिलं. गोष्ट त्यांना राहू दे. काहीतरी लागतं ना माणसाला टेबलावर ठेवायला."

तिचं मन मोठं आहे. माझं नाही. म्हणून खाली ती गोष्ट सुरू झाली आणि तो 'मी म्हटलं, थांबा' इथवर आला, की मी गॅलरीतून वाकून विचारते, "भावजी, रेघ कुठल्या रंगाची होती म्हणालात?"

पत्र्याखाली गोष्ट तिथेच तुटते. मग कानस चालायला लागते.